‘वेळ’चे सवंगडी

मुलांनो, आज आधी एक खेळ खेळू. कागद-पेन्सिल नको, सगळं तोंडी. मी एक क्रियापद सांगेन. तुम्ही त्याच्या आधी पाळीपाळीने तीन शब्द लावून बघायचे: पाणी, पैसे आणि वेळ. कानाला पटलं तर ‘चालतंय’ म्हणायचं, खटकलं तर ‘अंहं’.

पहिलं क्रियापद, साठवणे.

पाणी साठवणे? चालतंय. तुमच्यातले जे लोणावळ्याजवळच्या वलवणचे आहेत, त्यांना तर हे येता-जाता दिसतं. लोणावळ्याचा धो धो पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, पण वीज बारा महिने लागते. म्हणून टाटांच्या कंपनीने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लोणावळा, वलवण आणि शिरोता इथे तलाव केले. ते पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरवलं आणि १९१५ साली तिथे त्यावर वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळाली. म्हणजे जुलैत वलवणला पडलेलं पाणी एप्रिलमध्ये खोपोलीला यंत्र फिरवतं. साठवणं म्हणतात ते हेच.

पैसे साठवणे? चालतंय की. मातीचा गल्ला कशासाठी असतो?

वेळ साठवणे? अंहं! जुलैतला पावसाने वाया गेलेला रविवार साठवून ठेवला आणि एप्रिलमध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी बाहेर काढला, असं कोणाला जमलंय? जमत नाही, म्हणून आपण तसं बोलतही नाही.

पुढचं क्रियापद, वाचवणे. पाणी वाचवतो, पैसे वाचवतो आणि वेळसुद्धा वाचवतो! आता जरा थांबा. जी वस्तू साठवताच येत नाही, ती वाचवता कशी येते? वाचवलेला वेळ ठेवायचा कुठे? तरीही ‘वेळ वाचवणे’ आपल्या कानाला अजिबात खटकत नाही.

दवडणे? वेळ दवडू नको, संधी दवडू नको, असं म्हणतो. पाणी मात्र कोणी दवडत नाही. उधळणे? पैसे उधळतात, गुलाल उधळतात, पण वेळ उधळत नाहीत. सांडणे? पाणी सांडतं. खिशातून पैसे सांडतात. वेळ कधीच सांडत नाही.

मला खरं नवल वाटतं ते पुढेच. हे नियम तुम्हाला कोणी शिकवले? कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात ‘वेळ दवडावा, सांडू नये’ असा धडा आहे? कुठेच नाही. तरी वलवणचं पोर असो नाहीतर मुंबईचं, सगळ्यांची उत्तरं जवळपास सारखीच येतात. तुम्ही लहानपणापासून लाखो वाक्यं ऐकलीत आणि कुठला शब्द कुणासोबत हिंडतो याची नोंद तुमच्या मेंदूने गुपचूप करून ठेवली आहे.

शब्दांनाही सवंगडी असतात, आणि शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघावी, हा विचार ठासून मांडला जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने. हे फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्यांचे विद्यार्थी मायकल हॅलिडे यांनी १९६६ साली याचं एक चहाचं उदाहरण दिलं. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. दोन्ही शब्दांचा अर्थ जोरदार, ताकदवान असाच आहे, पण चहाची गट्टी एकाशीच. आणि आपला चहा? तो कडक! कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळं विशेषण शोधावं लागतं. आपल्या एका ‘कडक’ने चार घरं सांभाळली आहेत.

आता आपण ज्याच्यासाठी जमलोय त्या पाहुण्याकडे वळू. इंग्रजीतला ‘टाइम’ हा शब्द.

२००६ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी इंग्रजी मजकुराचा प्रचंड मोठा साठा संगणकाने चाळला आणि कुठलं नाम सगळ्यांत जास्त वेळा येतं ते मोजलं. पहिला नंबर ‘टाइम’चा आला. माणूस, वर्ष, जग हे सगळे त्याच्या मागे. इतका चलतीतला शब्द म्हटल्यावर त्याचे सवंगडीही भरपूर असणार. ते जरा नीट बघा: स्पेंड, सेव्ह, वेस्ट, लूज, बाय. अर्थ लावा. खर्च करणे, वाचवणे, वाया घालवणे, हरवणे आणि चक्क विकत घेणे! हे सगळे पाकिटाशी नातं असलेले शब्द आहेत. १७४८ साली अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी एका तरुण व्यावसायिकाला सल्ला देताना वेळ म्हणजेच पैसा असं लिहिलं, ते जगभर गेलं. पुढे १९८० मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं की इंग्रजी बोलणारे लोक वेळेबद्दल बोलताना नकळत पैशाचेच शब्द वापरत असतात.

मग मराठीत काय होतं? मराठीत वेळ मुख्यतः जातो. स्वतःच्या पायांनी. ‘वेळ कसा गेला कळलंच नाही.’ आणि आपण तो घालवतो. घालवणे म्हणजे जायला लावणे. आता ही दोन वाक्यं म्हणून बघा.

मी मामाकडे सुट्टी घालवली.

मी जत्रेत पैसे घालवले.

पहिलं वाक्य ऐकून आई विचारेल, ‘मजा आली का?’ दुसरं ऐकून आईच्या भुवया वर जातील. क्रियापद तेच! पैशाशी जोडलं की ‘घालवणे’ म्हणजे हमखास नुकसान. सुट्टी, दिवस, संध्याकाळ यांच्याशी जोडलं की त्यात बिघडण्यासारखं काही नाही, कारण वेळ तसाही जाणारच होता. इंग्रजीतला ‘स्पेंड’ पैसे आणि सुट्टी दोन्हींना एकाच तराजूत तोलतो, मराठीतला ‘घालवणे’ तसं करत नाही. म्हणून इंग्रज लोक पैशाचे लोभी आणि आपण नाही, असा अर्थ मात्र काढू नका. आपणही वेळ वाचवतोच, आणि हल्ली वेळ खर्चही करतो. शब्दांच्या संगतीवरून माणसांचे स्वभाव ठरवणं घाईचं होईल. भाषेने कुठलं चित्र उचललं एवढंच त्यातून कळतं, आणि तेवढंही पुष्कळ गमतीचं आहे.

मारामारीची चित्रंही आहेत बरं का. इंग्रजीत कंटाळलेला माणूस ‘टाइम किल’ करतो, म्हणजे वेळेला ठारच मारतो. मराठीतही मारणे आहे, पण सावधान! ‘वेळ मारून नेणे’ याचा अर्थ अगदी वेगळा. बाईंनी गृहपाठ मागितला आणि तुम्ही ‘वही आजीकडे राहिली’ असं काहीतरी सांगून सुटलात, तर तुम्ही वेळ मारून नेलीत. इंग्रजीतला कंटाळलेला आहे, मराठीतला अडचणीत सापडलेला आहे. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणारा इथे हमखास पडतो.

खाण्याचं चित्र मात्र दोन्हीकडे सापडतं. ज्या कामाला फार वेळ लागतो त्याला इंग्रजी ‘टाइम कन्झ्युमिंग’ म्हणते, म्हणजे वेळ फस्त करणारं. आपण म्हणतो वेळखाऊ. आणि पाळण्याचंही बघा. मराठीत गाय पाळतात, शब्द पाळतात, वेळ पाळतात. इंग्रजीत ‘कीप’ हे एकच क्रियापद गायीलाही चालतं, दिलेल्या वचनालाही चालतं आणि ‘टाइम’लाही चालतं, कारण बरोबर चालणारं घड्याळ ‘टाइम कीप’ करतं. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना गाय, वचन आणि वेळ या तीन गोष्टी एकाच दाव्याला बांधाव्याशा वाटल्या! हे मला कळलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं.

आता मराठीची खास करामत. इंग्रजीला ही जमत नाही.

समजा, तुम्ही लोणावळ्याहून पुण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, अशी स्टेशनं येतायत. कान उघडे ठेवा आणि ज्या वाक्यात ‘वेळ’ येईल ते वहीत टिपा. मात्र एक युक्ती करा. ‘वेळ’ हा शब्द प्रत्येक ओळीत मध्यभागी ठेवा, आधीचे शब्द डावीकडे, नंतरचे उजवीकडे. वही साधारण अशी दिसेल:

अजून किती … वेळ … लागेल हो?

चल, गाडीची … वेळ … झाली.

तिकिटाच्या रांगेत सगळा … वेळ … गेला.

ही काय चिक्की खायची … वेळ … आहे?

मला मरायला … वेळ … नाही.

जरा नीट बघा. डावीकडे ‘गाडीची’, ‘खायची’, ‘ही’ असे स्त्रीलिंगी शब्द काही ओळींत आहेत. एका ओळीत ‘सगळा’ आहे, तो पुल्लिंगी. उजवीकडे एकदा ‘झाली’ आहे, एकदा ‘गेला’. वेळ तो की ती? उत्तर आहे, दोन्ही. घड्याळातला नेमका ठोका म्हणायचा असेल तर ती वेळ: गाडीची वेळ, जेवायची वेळ, परीक्षेची वेळ. आणि एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचा लांबलचक पट्टा म्हणायचा असेल तर तो वेळ: थोडा वेळ, बराच वेळ, सगळा वेळ.

आता ‘वेळ गेला’ आणि ‘वेळ गेली’ म्हणून बघा. ‘डॉक्टरांकडे जाण्यात वेळ गेला’ म्हणजे तास-दोन तास लागले, एवढंच. ‘डॉक्टरांकडे जायची वेळ गेली’ म्हणजे आता दवाखाना बंद! एका वेलांटीने केवढा फरक पडला. विभक्तीचा प्रत्यय लागला की दोघांची रूपंही वेगळी होतात. ‘थोड्या वेळाने ये’ यातला वेळ पुल्लिंगी, म्हणून ‘वेळाने’. ‘ठरल्या वेळेला ये’ यातली वेळ स्त्रीलिंगी, म्हणून ‘वेळेला’. इंग्रजीतल्या बिचाऱ्या ‘टाइम’ला ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर वाहावी लागतात. तुम्ही मात्र शाळेत जायच्या आधीपासून हे अचूक बोलत आलात. ‘थोड्या वेळेने’ असं तुमच्या आजीने कधी म्हटलेलं ऐकलंय का?

एके ठिकाणी दोन्ही भाषा अगदी गळ्यात गळा घालतात. इंग्रजीत ‘ऑन टाइम’ वेगळं आणि ‘इन टाइम’ वेगळं. आपल्याकडेही वेळेवर वेगळं आणि वेळेत वेगळं. लोकल वेळेवर आली, म्हणजे वेळापत्रकात छापलंय त्या मिनिटाला आली. आणि तुम्ही वेळेत पोचलात, म्हणजे ती सुटायच्या आत पोचलात. लोकल वेळेवर आणि तुम्ही वेळेत, असं दोन्ही जुळलं तरच जागा मिळते.

हा ‘वेळ’ शब्द आला कुठून? संस्कृतातल्या वेला या शब्दापासून. वेला म्हणजे मर्यादा, किनारा, समुद्राची भरती आणि ठरावीक वेळसुद्धा. आता इंग्रजीकडे बघा. समुद्राच्या भरती-ओहोटीला इंग्रजीत ‘टाइड’ म्हणतात, आणि जुन्या इंग्रजीत या ‘टाइड’चा अर्थ होता वेळ! भरती ठरल्या वेळी येते, ठरल्या वेळी जाते. खिशात घड्याळ नसलेल्या माणसांना समुद्रच घड्याळ वाटला असेल, तर नवल काय?

जुनी घड्याळं गेली, पण त्यांची क्रियापदं मागे राहिली, हीही एक मजा. पूर्वी घटिकापात्र असायचं. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत शिरत जायचं, वाटी भरायची आणि बुडायची. एवढं व्हायला लागायची एक घटका, म्हणजे आपली २४ मिनिटं. अशा ६० घटका झाल्या की एक दिवस-रात्र पूर्ण. लग्नाचा मुहूर्त याच वाटीवर बघत. वाटी भरली म्हणून घटका भरली. आज घटिकापात्र सहसा बघायला मिळत नाही, पण ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार आहे. एखादा जुना वाडा ‘शेवटच्या घटका मोजतोय’ असंही आपण वाचतो. तीच कथा ‘तास’ची. हा शब्द फारसीतून आला. तास म्हणजे टोले देण्याची धातूची थाळी. ती वाजवून लोकांना वेळ कळवत, म्हणून त्या वेळेच्या मापालाच तास म्हणू लागले. आणि म्हणूनच आपण विचारतो, ‘किती वाजले?’ फोनच्या पडद्यावरचे आकडे तर आवाजही करत नाहीत. तरी आपले पाच वाजतात, सव्वाचार वाजतात.

विशेषणांकडे वळू या, कारण तिथे माझा एक लाडका शब्द आहे. फावला. फावला वेळ. आता ‘फावला’ दुसऱ्या कशाला लावून बघा. फावला चेंडू? फावली बहीण? लागतच नाही! ‘त्याला चांगलंच फावलं’ असं आपण म्हणतो, तेवढं त्याचं एक भावंड आहे. बाकी या विशेषणाने जन्मभराची दोस्ती एकट्या वेळाशी केली. इंग्रजीत फावल्या वेळाला ‘स्पेअर टाइम’ म्हणतात, पण हा ‘स्पेअर’ गाडीच्या जादा चाकाबरोबरही हिंडतो, गॅरेजमधल्या सुट्या भागांबरोबरही हिंडतो. आपला फावला तसा नाही. फार इमानी आहे.

दिवसाच्या तुकड्यांनाही असे इमानी सोबती आहेत. दुपार टळटळीत असते. सकाळ कधी टळटळीत झालीय? रात्र किर्र असते, आणि रानही किर्र असतं, कारण दोन्हीकडे रातकिडे किर्र करत असतात. राजमाची किल्ल्याच्या वाटेवर अंधार पडल्यावर हे विशेषण कानांनी ऐकू येतं. सांज कातर होते, म्हणून कातरवेळ. ‘ऐन’ मात्र सगळ्यांत मिसळणारा आहे. ऐन वेळी, ऐन पावसात, ऐन परीक्षेत. नेमकी नको तेव्हा लाइट जाते ना, तेव्हा ऐन धावत येतो.

‘टाइम’च्या मागे लागलेल्या विशेषणांनी आपल्याकडे एकेकाळी केवढा गोंधळ घातला होता, तेही सांगायला हवं. इंग्रजांच्या काळात एक होता ‘बाँबे टाइम’, एक ‘मद्रास टाइम’, एक ‘कलकत्ता टाइम’. प्रत्येक शहर आपल्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावायचं. रेल्वेने मद्रासची वेळ धरली होती, आणि ती मुंबईच्या वेळेच्या अर्धा तास पुढे होती. म्हणजे मुंबईच्या घरातलं घड्याळ आठ म्हणे, तेव्हा रेल्वेच्या हिशेबाने साडेआठ झालेले असत! शेवटी १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक ‘स्टँडर्ड टाइम’ ठरला, आपली भारतीय प्रमाणवेळ. मुंबईकर मात्र हट्टी. तिथे काही ठिकाणी जुना ‘बाँबे टाइम’ १९५५ पर्यंत चालू होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. ही प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरली आहे. वलवण त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणून वलवणचा सूर्य डोक्यावर यायला घड्याळातले बारा वाजून गेल्यावर सरासरी ३६ मिनिटं लागतात. अंगणात काठी रोवून सावली सर्वांत आखूड कधी होते ते बघा. वर्षभरात हा आकडा थोडा पुढे-मागे सरकतो, पण बारा वाजता मात्र सावली सर्वांत आखूड नसेल.

आता मघाच्या लोकलमधल्या वहीकडे परत येतो, कारण तुम्ही जे केलंत तेच शास्त्रज्ञ मोठ्या प्रमाणावर करतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या मजकुरातून दहा लाख शब्द गोळा करून संगणकात भरले गेले. बातम्या, गोष्टी, विज्ञानाची पुस्तकं, सगळ्यांतून थोडं थोडं. अशा शब्दसाठ्याला ‘कॉर्पस’ म्हणतात. आणि आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे असाच दहा लाख शब्दांचा साठा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तयार झाला! प्राध्यापक एस. व्ही. शास्त्री यांनी तो करवून घेतला. भारतातले लोक इंग्रजी कसं लिहितात हे त्यांना बघायचं होतं. १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुरातून त्यांनी ५०० तुकडे निवडले, प्रत्येक साधारण २००० शब्दांचा. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने ओळखतात. आपल्या कोल्हापूरचं नाव मिसळ, चपला आणि कुस्ती यांच्याशिवाय शब्दमोजणीतही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अशा साठ्यात ‘टाइम’ शोधायचा. संगणक त्याची प्रत्येक ओळ तुमच्या वहीसारखी मांडतो, ‘टाइम’ मध्यभागी. मग डावीकडचे शब्द मोजायचे, उजवीकडचे मोजायचे. कोण रोजचा सवंगडी, कोण सणावाराला येणारा, ते आकड्यांत कळतं. तुम्ही आईच्या फोनवर एक शब्द टाइप केला की पुढचा शब्द फोनच सुचवतो ना? त्याच्या मुळाशीही अशीच मोजदाद असते.

एक तपासणी मात्र दहा लाख शब्दांशिवाय, नुसत्या कानांनी करता येते. इंग्रजीतला ‘टाइम’ मराठीत राहायला आल्यावर कोणाबरोबर हिंडतो? इंग्रजीत काम ‘टाइम टेक’ करतं, म्हणजे वेळ घेतं. आपण मात्र ‘टाइम लागेल’ म्हणतो. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, वेळ लागतो, तसाच टाइमही लागतो. पाहुण्याने आपल्या घरची क्रियापदं घेतली. पण त्याला आपली ‘तो-ती’ची युक्ती काही जमली नाही. ‘शाळेची वेळ झाली’, पण ‘शाळेचा टाइम झाला’. टाइम आला की ती वेळ गुपचूप पुल्लिंगी होते.

आणि टाइमपास! इंग्रजीत ‘पास द टाइम’ म्हणजे वेळ घालवणे. आपण त्याचं शेपूट पुढे आणलं, दोन्ही शब्द चिकटवले आणि मागे आपलं हक्काचं ‘करणे’ जोडलं. टाइमपास करणे. लोकलमध्ये शेंगदाणेवाला ‘टाइमपास, टाइमपास’ ओरडत येतो, तेव्हा तो शेंगदाण्यांचंच नाव घेत असतो. २०१४ मध्ये रवी जाधव यांनी या नावाचा मराठी सिनेमाही काढला. इंग्रजी शब्दांपासून बनलेलं, पण इंग्लंडच्या मुलाला समजावून सांगावं लागेल असं हे आपलं पोर आहे.

उलटा प्रवासही सुरू आहे. ‘ही प्रक्रिया वेळ घेते’, ‘आम्ही चांगला वेळ घालवला’ अशी वाक्यं वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर वाढू लागली आहेत. मागे इंग्रजी वाक्य उभं असतं आणि त्याची सावली मराठीवर पडलेली असते. ‘या कामाला वेळ लागतो’ आणि ‘आमचा वेळ मजेत गेला’ ही वाक्यं मला जास्त आपली वाटतात. बाहेरचे शब्द आले तर खुशाल यावेत. पण लागणे, जाणे, साधणे, टळणे हे ‘वेळ’चे जुने सवंगडी केवळ आळसापायी विसरले जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तुमच्यासाठी एक काम आहे, आणि ते खरोखरीचं शास्त्रीय काम आहे. आजी-आजोबांकडे बसा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, जिथलं कोणी भेटेल त्यांना विचारा, मनगटावर घड्याळ नव्हतं तेव्हा वेळ कशी सांगायचात? ‘दिवस कासराभर वर आला’ असं कोणी सांगेल. कासरा म्हणजे बैलाची दोरी, तेवढा सूर्य वर चढला. कोणी झुंजूमुंजू म्हणेल, कोणी दिवेलागण, कोणी तिन्हीसांजा. असा प्रत्येक शब्द वहीत मध्यभागी लिहा आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सांगणाऱ्याने जे शब्द वापरले तेच लिहा, मनाने सुधारू नका. खाली गावाचं नाव, सांगणाऱ्याचं वय आणि तारीख टाका. हे टाकलं नाही तर नोंद अभ्यासाला उपयोगी पडत नाही. वही भरली की शाळेतल्या मराठीच्या बाईंना किंवा सरांना नक्की दाखवा.